लाभार्थी याद्यांची जुळवणी (राज्य शासन)

शासनाच्या निरनिराळ्या खात्यांकडचे माहितीसाठे संगणकावर एकमेकांशी ताडून पाहायचे आणि त्यावरून एखाद्या योजनेचा लाभ कोणाला द्यायचा, कोणाचा थांबवायचा, कोणाची चौकशी करायची हे ठरवायचे, या प्रक्रियेला याद्यांची जुळवणी म्हणतात. बिग डेटा (प्रचंड मोठे माहितीसाठे) आणि विश्लेषण यांचा राज्यकारभारात जो वापर होतो, त्यातला सामान्य माणसाच्या घरापर्यंत थेट पोहोचणारा भाग हाच आहे.

अडचण मुळातच आहे. हे साठे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कामांसाठी तयार झाले. रेशनकार्डाची नोंद कुटुंबाची असते, कर्जाची नोंद खात्याची, सातबाऱ्याची नोंद जमिनीच्या गटाची आणि परिवहन खात्याची नोंद गाडीची. ‘माणूस’ ही नोंद यांपैकी कुठेच स्वच्छ सापडत नाही. ती जुळवणीतून उभी करावी लागते. रेशनकार्डावरचे कुटुंब आणि एका चुलीवर जेवणारे कुटुंब यांतही फरक पडतो. भाऊ विभक्त होऊन दहा वर्षे झाली तरी कार्ड फोडून घेतलेले नसते, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची किंवा लाभार्थींच्या संख्येची अट असलेल्या योजनेत हाच फरक एखाद्याला अपात्र ठरवतो.

जुळवणीची किल्ली

दोन्ही याद्यांत आधार क्रमांक असेल तर काम सोपे वाटते. १२ अंकांपैकी शेवटचा अंक तपासणीचा असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर संगणकाला ते लगेच कळते. मात्र क्रमांक खरा पण दुसऱ्याच माणसाचा असेल, तर ही तपासणी काहीच पकडत नाही. बँकेत किंवा सेवा केंद्रात रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून एकच क्रमांक अनेकांच्या नावापुढे भरला जातो. म्हणून नवी यादी हाती आली की पहिली तपासणी ही करावी: एक आधार क्रमांक किती नावांपुढे आला आहे आणि एका बँक खात्यावर किती अर्ज आहेत.

आधार नसेल तिथे नाव, जन्मतारीख आणि गाव यांवर भिस्त ठेवावी लागते, आणि महाराष्ट्रात या तिन्ही गोष्टी दगा देतात. एका यादीत आडनाव आधी, दुसरीत शेवटी. लग्नानंतर स्त्रीचे नाव, मधले नाव आणि आडनाव तिन्ही बदलू शकतात, पण शाळेचा दाखला आणि जुने बँक खाते माहेरच्या नावाचेच राहते. रोमन लिपीत गेलेले नाव देवनागरीत परत आणताना ‘साठे’चे ‘साथे’ होते आणि ‘काळे’चे ‘काले’. युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या याद्या रूपांतर न करता उघडल्या तर नुसती चिन्हांची गिचमीड दिसते. जन्मतारखेचे म्हणाल तर शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लिहिलेली माणसे गावोगावी आहेत. त्यामुळे १ जून किंवा १ जानेवारी ही तारीख जुळली तर तिला अगदी कमी वजन द्यावे. १७ ऑगस्ट जुळली तर जास्त.

गावाचे नाव तर कधीच एकटे वापरू नये. पिंपळगाव आणि वडगाव जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला, २०२३मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे बदलली. जुन्या यादीतले गाव आज दुसऱ्याच जिल्ह्याखाली किंवा दुसऱ्या नावाखाली सापडते. जनगणनेचा किंवा स्थानिक संस्था निर्देशिकेचा (शासनाच्या गाव-संकेतांकांच्या यादीचा) गावाचा संकेतांक हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

जमिनीच्या बाबतीत एककाची चूक वारंवार होते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते, म्हणजे १.२० हे एक हेक्टर वीस आर. शेतकरी तोंडी एकरात सांगतो. सांगितलेले एकर हेक्टरच्या रकान्यात गेले की क्षेत्र जवळपास अडीचपट फुगते. पीक विम्याच्या अर्जातले क्षेत्र सातबारा आणि ई-पीक पाहणीशी (शेतातल्या पिकाच्या मोबाइलवरून केलेल्या नोंदीशी) ताडताना वाढीव क्षेत्राचा अर्ज बोगस म्हणण्याआधी हे अडीचपटीचे गुणोत्तर तपासून घ्यावे.

पल्ला आणि उंबरठा

एक कोटी नावांची यादी ५० लाख नावांच्या यादीशी नुसती ताडायची म्हटली तर ५० लाख कोटी तुलना होतात. म्हणून आधी गट पाडतात. राज्यात साडेतीनशेच्या वर तालुके आहेत; फक्त तालुक्याच्या आत तुलना केली तर काम साधारण साडेतीनशेपटीने घटते. त्याची किंमत असते. बीडचा ऊसतोड कामगार कोल्हापूरच्या कारखान्यावर, कोकणातले कुटुंब मुंबईत; अशा माणसांच्या दोन नोंदी वेगवेगळ्या तालुक्यांत राहतात आणि कधी समोरासमोर येतच नाहीत. त्यामुळे एक फेरी तालुक्यावर आणि दुसरी फेरी मोबाइल क्रमांकावर किंवा जन्मवर्ष व आडनाव यांवर, अशा किमान दोन फेऱ्या घ्याव्या लागतात.

दोन याद्यांतल्या नोंदींच्या प्रत्येक जोडीला ती किती जुळते त्यावरून गुण मिळतात आणि कितीच्या पुढे ‘तीच व्यक्ती’ मानायचे हा उंबरठा माणूस ठरवतो. समजा, दोन कोटी लाभार्थींची यादी वाहन नोंदणीशी ताडली आणि शंभरातल्या एकाच नावावर चुकीची गाडी चढली. कागदावर ९९ टक्के अचूकता दिसते, पण गावागावांत मिळून दोन लाख माणसांचा हक्क अडतो. यासाठी उंबरठा एक नसावा, दोन असावेत: वरच्याच्या पलीकडे जोडी पक्की, खालच्याच्या अलीकडे वेगळी माणसे, आणि मधला पट्टा माणसांनी तपासायचा. मधल्या पट्ट्यात किती नावे पडतील हे तपासणाऱ्यांच्या संख्येवरून आधीच बेतावे. नाहीतर तो पट्टा कोणीच पाहत नाही आणि शेवटी सगळाच्या सगळा ‘अपात्र’मध्ये ढकलला जातो.

वाहनांच्या यादीचे आणखी दोन दोष आहेत. गाडी विकली तरी हस्तांतर न झाल्याने ती जुन्या मालकाच्याच नावावर राहते. दुसरे म्हणजे योजनेच्या अटीत ‘चारचाकी, ट्रॅक्टर वगळून’ असे असेल तर वाहनाचा वर्ग गाळून घेतला नाही की सरसकट ट्रॅक्टरवाले बाहेर जातात.

महाराष्ट्रातील दोन कर्जमाफ्या

जुळवणीत पायऱ्यांचा क्रम किती निर्णायक असतो ते या दोन योजनांत स्पष्ट दिसते. जून २०१७मध्ये जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंतचे थकीत कर्ज माफ होणार होते आणि एकूण रक्कम ३४,०२२ कोटी रुपये सांगितली गेली. एकक कुटुंब होते. शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा, बँकांनी ६६ रकान्यांत कर्जाची माहिती द्यायची आणि दोन्हींची जुळवणी संगणकाने करायची, अशी रचना होती. दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली, पण बँकांच्या माहितीत एकच आधार क्रमांक अनेक शेतकऱ्यांपुढे आढळला, अर्ज आणि खाते जुळेना, आणि रक्कम जमा होण्याचे काम रखडले. दोन अपूर्ण याद्या आधी एकमेकींवर घातल्या गेल्या. ज्याचे कर्ज होते त्याला नोंद दाखवली गेली ती सर्वांत शेवटी.

डिसेंबर २०१९मधील महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेने क्रम उलटा केला. अर्जच काढून टाकला. दोन लाखांपर्यंतच्या कर्जखात्यांची माहिती बँकांनी दिली, प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक मिळाला आणि याद्या गावात लावल्या गेल्या. शेतकऱ्याने सेवा केंद्रात किंवा बँकेत जाऊन अंगठा लावायचा, पडद्यावर दिसणारी रक्कम मान्य की अमान्य ते सांगायचे. अमान्य असेल तर प्रकरण जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्यांकडे. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी आली ती फक्त ६८ गावांची, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यातल्या दोन-दोन गावांची चाचणी. मोठ्या जुळवणीला हाच मार्ग योग्य आहे.

लाडकी बहीण आणि समग्र वेदिका

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत (२०२४) क्रम पुन्हा बदलला. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या महिलांना दरमहा १,५०० रुपये सुरू झाले आणि बारीक छाननी नंतर आली. जुलै २०२५मध्ये सुमारे २६.३४ लाख लाभार्थींचा लाभ तात्पुरता थांबवल्याचे शासनाने जाहीर केले. एकाहून अधिक योजनांचा लाभ, एका कुटुंबात दोनपेक्षा जास्त लाभार्थी, काही ठिकाणी पुरुषांनी केलेले अर्ज, ही कारणे देण्यात आली. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शहानिशा करून पात्र महिलांचा लाभ पुन्हा सुरू करण्याचेही सांगितले गेले. पुढे सप्टेंबरमध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची ऑनलाइन पडताळणी, आली. तिच्यात पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला, आणि विधवा, घटस्फोटित, वडील हयात नसलेल्या महिलांसाठी वेगळी सोय नंतर करावी लागली. रकाना आखतानाच असे अपवाद मोजले पाहिजेत. या घरांतच लाभाची गरज सर्वाधिक असते.

शेजारच्या तेलंगणात समग्र वेदिका ही प्रणाली नाव आणि पत्त्यांवरून माणसे जोडून वाहने, मालमत्ता, नोकरी यांची माहिती एका जागी आणते. तिच्या आधारे रेशनकार्डे रद्द झाली, त्यांत भलत्याच माणसाची मोटार गरीब कुटुंबाच्या नावावर चढल्याची प्रकरणेही होती. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द झालेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा आदेश दिला. घरी न जाता, नोटीस न देता कार्ड रद्द करणे हा त्यातला खरा दोष होता. यंत्राने दाखवलेली जोडी हा फक्त संशय असतो.

पडताळणी आणि नोंदी

लाभ थांबवण्याआधी प्रत्येक जिल्ह्यातून काही शे नावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून तलाठी किंवा अंगणवाडी सेविकेकडून घरोघर तपासून घ्यावीत, आणि त्यांत चुकीचे प्रमाण जास्त निघाले तर नियमच दुरुस्त करावा. सेविकेला ‘अपात्र यादी’ न देता नुसती नावे द्यावीत. निकाल आधी कळला की तपासणी वरवरची होते. पैसे न आल्याची प्रत्येक तक्रार पात्रतेची नसते, हेही पाहावे. आधार जोडणीने येणारी रक्कम शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जाते, आणि ते खाते बऱ्याचदा लाभार्थीच्या लक्षातही नसते.

लाभार्थीला जाणाऱ्या संदेशात ‘अपात्र’ एवढेच न लिहिता कोणत्या नोंदीमुळे, कोणत्या खात्याच्या कोणत्या तारखेच्या यादीवरून आणि हरकत कुठे, किती दिवसांत नोंदवायची हे यावे. जुळवणीची प्रत्येक फेरी, तिचा उंबरठा, वापरलेल्या याद्यांच्या तारखा आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम जतन करावे, कारण हरकत आली तेव्हा मूळ यादी बदललेली असते आणि त्या दिवशी संगणकाने काय पाहिले होते ते दुसऱ्या कशावरूनच सांगता येत नाही.