पहुडलेल्या शार्कचं तोंड बघा

परवा एका डायव्हर मित्राने पाण्याखाली टिपलेला व्हिडिओ दाखवला. प्रवाळाच्या कपारीत, वाळूवर, जेमतेम दीड मीटरचा शार्क निपचित पडलेला. "आजारी असणार बिचारा. नाहीतर शार्क कधी थांबतो का?" मित्र हळहळला. मी त्याला व्हिडिओ पुन्हा लावायला लावला. म्हटलं, शेपटी सोड, तोंड बघ. तोंडाची संथ, लयीत उघडझाप चालू होती. शार्क ठणठणीत होता, त्याची वामकुक्षी चालली होती इतकंच.

'पोहायचा थांबला की शार्क मरतो' हे वाक्य इतक्या ठिकाणी छापून आलंय की ते आता कुणी तपासतच नाही. शार्कच्या पाचशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या थोड्याच जातींना हे लागू पडतं. गंमत म्हणजे ते कुणाला लागू पडतं आणि कुणाला नाही, यावरूनच समोरचा शार्क कोणता याचा निम्मा अंदाज बांधता येतो.

मुळात पाण्यात श्वास घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. एक लिटर हवेत साधारण २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. उष्ण कटिबंधातल्या कोमट समुद्राच्या एक लिटर पाण्यात तो चार-साडेचार मिलिलिटरच विरघळलेला असतो. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड. आपण हवा ज्या दाराने आत घेतो त्याच दाराने बाहेर सोडतो. एवढं जड पाणी आत ओढायचं, थांबवायचं आणि उलटं ढकलायचं म्हटलं, तर मिळालेला ऑक्सिजन त्या हमालीतच संपेल. म्हणून माशांनी वाहतूक एकदिशा केली. पाणी तोंडातून आत येतं आणि कल्ल्यांवरून वाहत फटींतून बाहेर पडतं.

खरी करामत मात्र कल्ल्यांच्या आत आहे. तिथल्या पातळ पडद्यांत रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहतं. याने काय साधतं? समजा, दोन्ही एकाच दिशेने वाहिले असते. पाण्यात ऑक्सिजन १००, रक्तात शून्य. पाण्यातला कमी होत जाणार, रक्तातला वाढत जाणार, आणि दोघं ५०-५० वर आले की देवघेव बंद. आता रक्ताची दिशा उलटी करा. कल्ल्यातून बाहेर पडायच्या बेतात असलेल्या, ८० पर्यंत भरलेल्या रक्ताला नुकतंच आत आलेलं १०० चं पाणी भेटतं, म्हणजे अजून २० चा उतार शिल्लक. दुसऱ्या टोकाला पिळून निघालेलं २० चं पाणी आणि रिकामं, शून्याचं रक्त. तिथेही २० चा उतार. प्रत्येक ठिकाणी पाणी रक्ताहून श्रीमंतच राहतं आणि देवघेव शेवटपर्यंत चालू राहते. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण तत्त्व हेच. याला प्रतिप्रवाह विनिमय म्हणतात. शार्कमध्ये कल्ल्याचे तंतू एका आडव्या पडद्याला चिकटलेले असतात, त्यामुळे पडद्यांमधून निघालेलं पाणी आधी त्या आडपडद्यालगतच्या अरुंद पन्हळीत उतरतं आणि मग फटीपर्यंत पोचतं. हाडवाल्या माशांत हा आडपडदा आखूड झालाय, तिथे पाण्याची वाट मोकळी आहे.

पाणी वाहतं ठेवण्याचे मार्ग दोन. एक, जबडा आणि घशाच्या स्नायूंनी पंप चालवायचा. तोंड उघडलं की पाणी आत, मिटलं की फटींतून बाहेर. दोन, तोंड किंचित उघडं ठेवून पोहत राहायचं, म्हणजे पाणी आपोआप आत घुसतं. वेगात पोहणाऱ्याला दुसरा मार्ग स्वस्त पडतो. ग्रेट व्हाइट आणि माको यांच्यासारख्यांनी तर तोच एक मार्ग ठेवलाय. थांबणं त्यांना खरंच परवडत नाही.

आता पुन्हा डायव्हरकडे. मित्राचा शार्क होता व्हाइटटिप रीफ. सडपातळ अंग, पाठीवरच्या पहिल्या पराचं आणि शेपटीच्या वरच्या पात्याचं टोक पांढरं. दिवसा कपारीत लोळायचं, रात्री शिकार करायची. वाळूवर तपकिरी, दोन मिशा असलेला आणि पाठीवरचे दोन्ही पर पार मागे सरकलेले असा कुणी पडलेला दिसला तर तो नर्स शार्क. शेपूट जवळपास धडाएवढी लांब आणि अंगभर ठिपके असले तर झेब्रा शार्क. ठिपके असून झेब्रा का, तर पिल्लांच्या अंगावर पट्टे असतात. मोठं जनावरच पाहिलेले अनेक डायव्हर त्याला लेपर्ड शार्क म्हणतात. त्याच्या डोळ्यामागे ठळक छिद्र असतं. पाणी आत घ्यायला तेही उपयोगी पडतं.

न थांबणाऱ्यांत ग्रे रीफ शार्क. त्याच्या शेपटीच्या मागच्या कडेला रुंद काळी किनार असते. तो पाठ कमानीसारखी वाकवून, छातीजवळचे पर खाली पाडून, अंगाला हिसके देत पोहू लागला की तो तंबी देतोय. कॅमेरा खाली घ्या आणि सावकाश मागे व्हा. उथळ पाण्यात शाईत बुडवल्यासारखं परांचं टोक दिसलं तर ब्लॅकटिप रीफ. 'पांढऱ्या टोकाचा' एवढंच कुणी सांगितलं तर मात्र पुढे विचारा. सगळ्याच परांच्या कडा पांढऱ्या असलेला दांडगा सिल्व्हरटिप वेगळा आणि खुल्या समुद्रातला, रुंद गोलसर परांचा ओशनिक व्हाइटटिप वेगळा.

लांबीवर भिस्त ठेवू नका. पाण्यातून मास्कच्या हवेत शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे वस्तू खऱ्या अंतराच्या सुमारे तीन चतुर्थांशावर आल्यासारखी आणि एक तृतीयांशाने मोठी दिसते. दोन मीटरचा शार्क पावणेतीनचा वाटला तर दोष पाण्याचा. बोटीवर येईपर्यंत तो चारचा झाला, तर सांगणाऱ्याचा. अशाच फुगवलेल्या गोष्टींतली एक म्हणजे 'शार्कला कॅन्सर होत नाही'. शार्कना गाठी होतात, त्यांची नोंद आहे. तरीही त्यांच्या कूर्चेच्या गोळ्या विकल्या गेल्या. रुग्णांवरच्या चाचण्यांत त्यांचा उपयोग दिसला नाही.

न थांबणाऱ्यांनाही विश्रांती लागतेच. फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावा प्रवाळद्वीपाच्या दक्षिण खिंडीत दिवसा शेकडो ग्रे रीफ शार्क जमतात. भरतीचा प्रवाह उतारावर आपटून वर उसळतो आणि शार्क त्यावर, घारीने वाऱ्यावर पंख टेकावेत तसे, शेपूट फारशी न हलवता तरंगतात. एका टोकाला पोचलेला मागे वाहत येतो आणि पुन्हा रांगेत लागतो. कल्ल्यांवरून पाणी वाहतंच आहे आणि कष्ट मात्र कमी.

तोंड बघण्याचा माझा नियम जातीवर शिक्कामोर्तब करत नाही, हेही सांगायला हवं. मेक्सिकोतल्या इस्ला मुहेरेसजवळच्या गुहांत कॅरिबियन रीफ शार्क तळाला टेकून पडलेले सापडले, आणि ही जात न थांबणाऱ्यांत धरली जात होती. १९७०च्या दशकात शार्कच्या अभ्यासक युजिनी क्लार्क तिथे उतरल्या. गुहेत झिरपणारं गोडं पाणी आणि जास्तीचा ऑक्सिजन यामुळे ते येत असावेत, अंगावरचे परजीवीही तिथे सैल होत असावेत, असा त्यांचा तर्क होता. लोक या शार्कना झोपलेले म्हणत. शार्क जागचे हलत नव्हते खरे, पण पाणबुडा ज्या बाजूला सरके, त्या बाजूला त्यांचे डोळे वळत होते.