स्टेअरिंग हलकं पडतं तेव्हा : रेसिंग सिम्युलेशनची पार्श्वभूमी

आपल्या इंदूरला गाड्यांचं वेड आधीपासूनच आहे, रात्री सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर काही पोरं गाड्या पळवतात ते सगळ्यांना माहितीये आणि ते जिवावर बेतणारंच आहे. पण मी ज्या वेडाबद्दल बोलतेय, म्हणजे खऱ्यासारखी गाडी स्क्रीनवर चालवायचं रेसिंग सिम्युलेशन, ते घरात, टेबलाला स्टेअरिंग आवळून, दार लावून चालतं. माणूस तासभर एकाच ट्रॅकचं एकच वळण परत परत घेत बसतो, का तर मागच्या लॅपपेक्षा, म्हणजे ट्रॅकच्या मागच्या फेरीपेक्षा, दोन दशांश सेकंद कमी व्हावेत. बघणाऱ्याला वाटतं यात काय मजा, ना बक्षीस ना स्टोरी, आणि गाडी तर सारखी गवतात जातेय. मजा नेमकी कुठे आहे ते कळायला हा प्रकार कुठून कसा आला ते बघावं लागतं, कारण माझ्या मते या खेळांचा सगळा इतिहास म्हणजे खेळणाऱ्याला मिळणारी मदत एकेक करून काढून घेण्याचा इतिहास आहे.

सुरुवातीला गाडी नावाला गाडी होती. 1976 ला अटारी कंपनीचा नाईट ड्रायव्हर हा गेम आला, काळ्या स्क्रीनवर पांढरे खांब अंगावर येतात आणि आपली गाडी म्हणजे काचेवर लावलेलं चित्र. 1982 ला नामकोचा पोल पोझिशन आला, त्यात पहिल्यांदा खरा ट्रॅक होता, जपानचा फुजी, आणि आधी क्वालिफाईंग लॅप, म्हणजे रेसमध्ये जागा मिळवायचा फेरा, मारावा लागायचा. तरीपण वळणावर टायरचं काय होतं, वजन कुठे जातं, याचा हिशोब त्यात नव्हता.

तो हिशोब पहिल्यांदा मनावर घेतला इंग्लंडच्या जेफ क्रॅमंडने. त्याचा रेव्ह्ज हा गेम 80 च्या दशकाच्या मध्यावर बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरवर आला, फॉर्म्युला 3 ची गाडी, सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक, आणि मदतीला डेव्हिड हंट म्हणजे फॉर्म्युला वन चॅम्पियन जेम्स हंटचा भाऊ, जो स्वतः फॉर्म्युला 3 चालवायचा. त्या कॉम्प्युटरची मेमरी होती 32 किलोबाईट! आज एक साधा फोटो त्यात बसत नाही आणि या माणसाने त्यात ट्रॅकचे चढउतार, विंगची (गाडीला रस्त्यावर दाबून धरणाऱ्या पंखांची) सेटिंग, गिअर सगळं बसवलं.

1989 ला दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे अटारी गेम्सचं हार्ड ड्रायव्हिन हे आर्केड मशीन, त्याला किल्ली होती, क्लच होता, चार गिअरचा दांडा होता आणि स्टेअरिंगला मोटर होती, म्हणजे चाकावर जो जोर येतो तो हाताला कळायचा. त्यासाठी डग मिलिकनची मदत घेतली होती, गाडीच्या गतिशास्त्रात मुरलेला माणूस. दुसरी म्हणजे अमेरिकेत डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी यांच्या पपायरस कंपनीने काढलेला इंडियानापोलिस 500 हा गेम. ट्रॅक एकच, चार वळणं, रेसला 33 गाड्या, आणि पिटमध्ये, म्हणजे गाडी थांबवून नीट करायच्या जागेत, येऊन टायरचं तापमान बघायचं, त्यावरून प्रेशर आणि सस्पेन्शन बदलायचं. चारही वळणं डावीकडेच जातात तर त्यात करायचं काय असं वाटेल, पण चार वळणं नीट समजून घ्यायला किती वेळ लागतो हे त्या गेमनेच पहिल्यांदा दाखवलं.

मग क्रॅमंड परत आला, मायक्रोप्रोजसाठी फॉर्म्युला वन ग्रां प्री घेऊन, 90 च्या दशकाच्या अगदी सुरुवातीला. यात एक गोष्ट अशी केली होती की मला अजून ती या सगळ्या प्रकाराचा गाभा वाटते. कीबोर्डवर F1 ते F6 या कळांवर सहा मदती ठेवल्या होत्या : ब्रेक आपोआप लागणं, गिअर आपोआप बदलणं, गाडी फिरली तर सरळ होणं, धडकली तरी न मोडणं, कुठून जायचं ती रेघ दिसणं आणि कुठला गिअर हवा ते सांगणं. नवीन माणसाने सगळ्या लावून सुरुवात करायची, मग हळूहळू एकेक बंद करायची. सगळ्या बंद करून पहिला पूर्ण लॅप झाला ना की जे वाटतं ते कुठल्याही ट्रॉफीपेक्षा मोठं असतं, आणि ते तुमचं स्वतःचं असतं, गेमने दिलेलं नाही.

आता मधेच थोडं टायरबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. चालत्या गाडीचा रस्त्याशी संबंध फक्त चार ठिकाणी येतो आणि एकेक जागा जेमतेम तळहाताएवढी. ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, पुढची चाकं जास्त पकडतात, मागची हलकी होतात, म्हणून वळणाच्या मधोमध घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तर गाडीची शेपूट बाहेर येते. भेरूघाट उतरताना ज्यांनी ट्रकमागे अचानक ब्रेक मारलाय त्यांना हे पोटात कळलेलं असतं. आणि टायर जिकडे तोंड करून आहे तिकडेच अगदी सरळ जात नाही, थोडा तिरका घसरत जातो, त्या तिरपेपणातूनच पकड येते, ती काही अंशांपर्यंत वाढते आणि पुढे कमी व्हायला लागते. नेदरलँड्सच्या डेल्फ्टमधले हान्स पाचेयका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 ला या वागण्याचं एक समीकरण मांडलं, मॅजिक फॉर्म्युला म्हणतात त्याला, आणि पुढे कितीतरी सिम्युलेशनमधले टायर त्याच्यावर किंवा त्याच्या भावंडांवर चालले. बघा, त्या उतरंडीच्या अगदी टोकावर गाडी ठेवणं, ना अलीकडे ना पलीकडे, हीच सगळी मजा आहे. वेग स्क्रीनवर कोणीही दाखवू शकतं.

1997 च्या डिसेंबरमध्ये काझुनोरी यामाउचीचा ग्रान टुरिस्मो प्लेस्टेशनवर आला आणि हे वेड घराघरात गेलं. आधी लायसन्सची परीक्षा द्यायची, ब्रेक मारून रेघेच्या आत थांबायचं, मग साधी गाडी घेऊन रेस. आपल्याकडे तेव्हा प्लेस्टेशन असलेलं घर क्वचितच, आमच्यासारख्यांचं सगळं सायबर कॅफेत, तासाचे पैसे मोजून, कीबोर्डच्या चार बाणांवर, आणि तिथे चालायचे ते नीड फॉर स्पीडसारखे, ज्यात भिंतीला घासून वळण घेतलं तरी चालतं. त्यांच्याबद्दल माझा राग नाही, पण भिंत मदत करत असेल तर वळण शिकणार कोण.

आणि मग 1998, ग्रां प्री लेजंड्स. पपायरसनेच काढला, 1967 चा सीझन. 1967 च का? कारण तेव्हा फॉर्म्युला वन गाड्यांना विंग नव्हते, टायर बारीक आणि इंजिन दणकट, गाडी सतत घसरतच चालायची. जुना न्युरबुर्गरिंग त्यात पूर्ण होता, जवळपास 22.8 किलोमीटरचा एक लॅप, जंगलातून वरखाली, एकामागोमाग एक आंधळी वळणं. लोकांनी गेम विकत घेतला, पहिल्याच वळणावर गाडी फिरली, दुसऱ्यांदा फिरली, आणि बऱ्याच जणांनी तो ठेवून दिला. धंद्याच्या हिशोबाने तो फसलाच. पण जे टिकले ते वर्षानुवर्षं तोच चालवत राहिले, नवीन ट्रॅक स्वतः बनवून घातले, आपसात ऑनलाईन रेस लावल्या. मला विचाराल तर आजचं सगळं सिम रेसिंग तिथे जन्मलं, कारण पहिल्यांदा एका कंपनीने गाडी जशी होती तशीच समोर ठेवली आणि जरासुद्धा सोपी केली नाही.

पपायरस 2004 मध्ये बंद झालं. त्याच वर्षी केमरने जॉन हेन्रीबरोबर, म्हणजे बोस्टनच्या बेसबॉल टीमचे मालक, आयरेसिंगची कंपनी काढली, तिची ऑनलाईन रेसिंगची सेवा 2008 ला सुरू झाली. यांनी ट्रॅक लेझरने मोजून घेतले, डांबराचा उंचवटा, कर्बचा म्हणजे ट्रॅकच्या कडेचा कोपरा, सगळं. वर लायसन्स आणि सेफ्टी रेटिंग, म्हणजे दुसऱ्याला ठोकत गेलात तर वरच्या रेसमध्ये प्रवेश नाही. अमेरिकेतच 2005 ला आरफॅक्टर हा गेम आला, त्यात कोणीही आपली गाडी किंवा ट्रॅक बनवून घालू शकायचं. इटलीत कुनोस नावाची छोटी कंपनी, ऑफिसच रोमजवळच्या व्हालेलुंगा सर्किटवर, त्यांचा असेट्टो कोर्सा 2014 च्या डिसेंबरमध्ये पूर्ण होऊन आला आणि अजून लोक चालवतायत.

सामान पण बदलत गेलं. लॉजिटेकचं जी25 हे 2006 ला आलं, 900 अंश फिरणारं म्हणजे अडीच वळसे, सोबत क्लच आणि गिअरचा दांडा. नंतर मोटर थेट स्टेअरिंगच्या दांड्यालाच लावायला लागले, मधे पट्टा नाही की गिअर नाही. ब्रेक पण असे निघाले की पेडल किती खाली गेलं ते मोजत नाहीत, किती जोराने दाबलं ते मोजतात, खऱ्या गाडीसारखं. आमच्याकडे साधंच सामान आहे, टेबलाला क्लॅम्पने घट्ट केलेलं, आणि जोरात ब्रेक मारला की चाकांची खुर्ची मागे जाते म्हणून ती भिंतीला टेकवून ठेवलेली, भिंतीचा रंग तिथे पार गेलाय, आईने बोलणं सोडून दिलंय.

शेजारचे काका पिथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात टेस्टिंगला होते, आता रिटायर झालेत. एकदा ते बसले. गेम त्यांनी आयुष्यात खेळला नव्हता, स्क्रीनवरची चित्रं बघून फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. इटलीतल्या मोन्झा ट्रॅकच्या पहिल्या शिकेनला, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांना, जरा वेगात शिरले, स्टेअरिंग अजून वळवलं, गाडी सरळच चालली, आणि ते लगेच म्हणाले, "अगं, पुढची चाकं सुटली की हिची, स्टेअरिंग हलकं पडलं बघ." गाडी रेतीत जायच्या आधी म्हणाले हे! पकड संपायच्या जरा आधी टायरचा स्टेअरिंगला सरळ करायचा जोर कमी होतो, हाताला ओझं हलकं लागतं, तो इशारा असतो, आणि तो इशारा समीकरणांतून, मोटरमधून, टेबलावरच्या प्लास्टिकच्या चाकातून काकांच्या हातापर्यंत बरोब्बर पोचला. मग ते तासभर उठले नाहीत, चहा तिथेच नेऊन द्यावा लागला.

हे खऱ्या ट्रॅकवर उपयोगी पडतं का, हा वाद आता फारसा उरलेला नाही. 2008 ला निसान आणि ग्रान टुरिस्मोने जीटी अकॅडमी काढली, पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ, गेममधून निवडलेला पोरगा, 2011 ला ल मान्सच्या 24 तासांच्या रेसमध्ये आपल्या क्लासमध्ये, म्हणजे तशाच गाड्यांच्या गटात, टीमसोबत दुसरा आला. 2020 च्या मार्चमध्ये सगळ्या रेस बंद पडल्या तेव्हा अमेरिकेतल्या नॅसकार या रेसिंग संस्थेने 22 मार्चला आयरेसिंगवर खऱ्या ड्रायव्हर्सची रेस लावली आणि ती टीव्हीवर दाखवली, डेनी हॅमलिन जिंकला. जूनमध्ये ल मान्सची 24 तासांची रेससुद्धा आरफॅक्टर 2 वर झाली. फॉर्म्युला वन चॅम्पियन मॅक्स व्हर्स्टॅपेन तर आजही घरून सिम रेस चालवतो, आणि त्याला कोणी सांगायला जात नाही की हा खेळ आहे.

आपल्यासाठी याचं महत्त्व जरा जास्त आहे असं मला वाटतं. देशात फॉर्म्युला वनचा एकच ट्रॅक, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, 5.125 किलोमीटर, तिथे फॉर्म्युला वनच्या रेस झाल्या 2011 ते 2013, फक्त तीन. बाकी चेन्नई नि कोईमतूर. इंदूरहून तिथे गाडी नेणं, टायर जाळणं, ठोकली तर दुरुस्ती, कोणाच्या खिशात बसतं? आणि गंमत अशी की इथून जेमतेम तासाभरावर, पिथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हाय स्पीड ट्रॅक आहे, 29 जून 2021 ला उद्घाटन झालं, 1000 एकरांत पसरलेली टेस्टिंगची जागा, पण ती कंपन्यांच्या गाड्या तपासायला आहे, तुमच्या माझ्यासाठी नाही.

बुद्ध सर्किट मात्र घरी चालवता येतो. कोडमास्टर्सचा एफ1 2011 हा गेम खरी रेस व्हायच्या महिनाभर आधी बाजारात आला होता, 30 ऑक्टोबरला ड्रायव्हर्स ग्रिडवर उभे राहिले तोवर इथल्या पोरांना तिसऱ्या वळणाचा चढ आणि त्यानंतरची लांबच लांब सरळ वाट तोंडपाठ झाली होती. तो गेम पूर्ण सिम्युलेशन नाही, मदत बरीच करतो. पण आरफॅक्टर आणि असेट्टो कोर्सासाठी लोकांनी बनवलेला बुद्ध मिळतो, तो मदती बंद करून चालवा. गाडी कमी ताकदीची घ्या, फॉर्म्युला वन नको, आणि दहा-अकरा-बारा या जोडलेल्या वळणाला लागा, उजवीकडे लांबत जाणारं, थोडं कललेलं. तिथे पाय कुठे काढायचा आणि कुठे परत ठेवायचा यावर आमच्यात अजून एकमत झालेलं नाही.