लाडबोरीचं कडं: ते उल्केचं का नव्हतं?

2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी, पावणेआठच्या सुमारास, विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत लोकांनी आकाशातून पेटत जाणाऱ्या ठिपक्यांची रांग पाहिली. नंतर चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत सुमारे 3 मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं, आणि परिसरात काळपट गोळेही.

पहिला पुरावा आकाशातच होता. उल्का सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा काही सेकंदांत विझते. कक्षेतून उतरणारा रॉकेट-उपग्रहांचा कचरा सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटरने, तेही जवळजवळ आडवा येतो. त्यामुळे त्याचे तुकडे एकामागोमाग, संथपणे, अर्धा-एक मिनिट दिसत राहतात.

मग कोणाचा कचरा? त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन रॉकेट उडालं होतं, म्हणून आधी बोट त्याच्याकडे गेलं. पण इलेक्ट्रॉनचा व्यास जेमतेम 1.2 मीटर, त्यातून 3 मीटरचं कडं निघणार कसं? खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ आणि कक्षा जुळवून नाव दिलं ते चिनी चांग झेंग 3बी रॉकेटचं, फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेलं. त्याच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास बरोबर 3 मीटर. घड्याळ, कक्षा आणि मोजपट्टी तिन्ही एकाच ठिकाणी येतात, तेव्हाच मूळ सापडलं म्हणायचं. नुसत्या आकारावरून नाही.

एवढा टप्पा जळतो, मग ते पोकळ गोळे, म्हणजे रॉकेटमधल्या इंधनाच्या किंवा दाबाखालच्या वायूच्या टाक्या, कशा वाचतात? इथे खरी गंमत आहे. तापण्याचा दर ढोबळमानाने वेगाच्या घनाशी आणि हवेच्या घनतेच्या वर्गमुळाशी जोडलेला असतो. वेग निम्मा झाला की उष्णता आठव्या हिश्श्यावर येते. गोळा हलका, पण त्याची छाती रुंद. म्हणून तो 75 किलोमीटरच्या आसपासच वेग गमवायला लागतो, जिथे हवा जमिनीजवळच्या सुमारे 30 हजाराव्या भागाइतकी विरळ असते. भरीव, जड तुकडा मात्र वेग राखून दाट हवेत घुसतो आणि जास्त भाजतो. त्यातून अशा टाक्या टायटॅनियमच्या किंवा कार्बन धाग्यांनी गुंडाळलेल्या असतात. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, टायटॅनियम 1668 ला. शेवटी 60 सेंटिमीटरचा, 20 किलोचा गोळा ताशी 200 किलोमीटरच्या आसपास वेगाने आपटतो. म्हणून मोठं विवर पडत नाही.

भरीव तुकडा ओळखायला साधा तराजू पुरतो. आधी हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून. हवेत 900 ग्रॅम, पाण्यात 700 भरलं, तर 900 भागिले 200, म्हणजे पाण्याच्या 4.5 पट घनता: टायटॅनियम. 2.7 आलं तर ॲल्युमिनियम. लोखंडी अशनी (जमिनीपर्यंत पोचलेली उल्का) साडेसातच्या पुढे जाते, चुंबकाला चिकटते आणि तिच्यात निकेल सहसा 5 टक्क्यांहून जास्त असतं. तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे उत्तर बिघडवतात, म्हणून तो पाण्यात हलवून घ्या. पोकळ वस्तूला ही रीत लागू नाही.

बंद गोळ्याला हातोडी, करवत किंवा गॅसकटर लावूच नका. आत दाब किंवा हायड्राझिन हे रॉकेटचं इंधन शिल्लक असू शकतं, आणि ते विषारी आहे; वास येईपर्यंत प्रमाण धोकादायक झालेलं असतं. तुटलेल्या कार्बन धाग्यांची धूळ फुफ्फुसात जाते. कोणी त्याला देवाचा प्रसाद म्हणेल, कोणी परग्रहवासीयांचं यान, कोणी ‘दुर्मिळ उल्का’ म्हणून विकायला काढेल. तिघांनाही लांब ठेवा. सापडलेल्या जागेवरच चारी बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, खड्ड्याची खोली मोजा, वेळ लिहा आणि पोलिसांना कळवा. वस्तू हलवली की खड्ड्याची दिशा पुसली जाते, आणि ती परत मिळत नाही.