पूर ओसरतो, ताप उतरतो, भाव गडगडतो

माझी भाची सध्या आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जायला लागते त्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करतेय. त्यात रायटिंगचा पहिला टास्क असा की एक ग्राफ देतात आणि साधारण २० मिनिटांत, कमीत कमी १५० शब्दांत, त्यात काय दिसतंय ते लिहायचं. परवा सदाशिव पेठेत आमच्याकडे आली, वही पुढे केली आणि म्हणाली, "मावशी बघ ना, ग्रामर सगळं बरोबर आहे तरी मॅडमनी लाल गोल केलाय." वाक्य होतं, 'द टेम्परेचर रिसीडेड इन डिसेंबर'. मी तिला एवढंच विचारलं, डिसेंबरात पुण्याचं तापमान ओसरलं असं म्हणशील का गं? ती हसायलाच लागली. ओसरलं नाही, उतरलं, नाहीतर मग पारा घसरला. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण पक्कं माहीत होतं.

खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि विसर्ग कमी केला की आपण म्हणतो पाणी ओसरलं, तिथे इंग्रजीत 'रिसीड' अगदी चपखल बसतं. पण विसर्जनानंतर लक्ष्मी रोडवरची गर्दीसुद्धा आपल्याकडे ओसरतेच, तिला इंग्रजीत 'थिन आउट' लागतं, आणि पाऊस ओसरला तर 'ईझ ऑफ'. सूज 'गोज डाउन', चंद्र 'वेन्स', साठा 'ड्विंडल्स'. म्हणजे आपला एक शब्द उचलून तिकडचा एक शब्द ठेवला असं होतच नाही, कारण प्रत्येक शब्दाचे सोबती ठरलेले असतात.

भाषाशास्त्रात याला कोलोकेशन म्हणतात. हा विचार पुढे आणला तो जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने, जो १९२० च्या दशकात लाहोरला इंग्रजीचा प्राध्यापक होता. शब्द कोणाच्या संगतीत असतो त्यावरून तो ओळखायचा, असं त्याने १९५७ मध्ये लिहिलं. पण संगत मोजायची कशी? त्यासाठी लागतो प्रचंड मोठा मजकूर. आपल्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृत कोशासाठी शब्द आणि त्याचं मूळ वाक्य अशा चिठ्ठ्या हाताने लिहून कपाटांत लावल्यात (एकदा तरी बघाव्यात, खरंच), त्या काय, याच कामासाठी, शब्द वाक्यात बसलेला दिसावा म्हणून. नंतर हे काम कॉम्प्युटरकडे गेलं, १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या इंग्रजी मजकुराच्या संग्रहात सुमारे १० कोटी शब्द आहेत. मग हिशोब असा, की 'शार्प' आणि 'फॉल' हे शब्द नुसत्या योगायोगाने जितक्या वेळा शेजारी आले असते त्याच्या किती पट जास्त वेळा खरोखर येतात. पट मोठी म्हणजे जोडी पक्की. म्हणून 'शार्प फॉल', 'स्टीप डिक्लाइन', 'स्लाइट डिप' कानाला बरोबर लागतात आणि 'स्ट्राँग डिक्रीज' खटकतं, व्याकरणात काहीही चूक नसताना.

आणि हे डोक्यातही तसंच साठवलेलं असतं. वाचताना डोळे कुठे किती वेळ थांबतात हे मोजून बघितलंय, 'ब्राइड अँड ग्रूम' लोक पटकन वाचतात, तेच 'ग्रूम अँड ब्राइड' असं उलटं केलं की वेग मंदावतो.

कमी म्हणजे खाली, हे मात्र दोन्हीकडे एकच. माठातलं पाणी कमी झालं की पातळी खाली जाते, धान्याचा ढीग कमी झाला की बुटका होतो, लहानपणापासून डोळ्यांनी बघितलेलं असतं, म्हणून भाव पण पडतो आणि 'प्राइसेस' पण 'फॉल' होतात. भाषाशास्त्रज्ञ लेकॉफ आणि तत्त्वज्ञ जॉन्सन यांनी १९८० मध्ये हे फार छान मांडलं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो 'प्लमेट'. एकदम, सरळ खाली येणं. मुळात हे नाम, अर्थ शिशाचा गोळा. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन लावून सोडतो ना, ओळंबा, तोच. शिशाला लॅटिनमध्ये 'प्लंबम', त्यातूनच 'प्लंज' आला आणि प्लंबरही, कारण पूर्वी पाइप शिशाचे असायचे. म्हणून शेअर बाजार 'प्लमेट' होतो, पण हळूहळू कमी होणाऱ्या गोष्टीला तो शब्द लावला की ओळंबा तरंगत खाली आल्यासारखं वाटतं.

भाचीला हे एवढं पटलं की तिने तिथेच बसून सगळी वाक्यं परत लिहिली. एक चूक तरी राहिलीच. ग्राफमध्ये किंमत ४० वरून १० वर आलेली आणि हिने लिहिलं 'फेल बाय टेन'. मी म्हटलं, मार्केट यार्डात टोमॅटोचा भाव दहा रुपयांनी उतरला आणि दहा रुपयांवर उतरला, शेतकऱ्याला दोन्ही सारखंच का? 'बाय' म्हणजे आपला 'नी', 'टू' म्हणजे आपला 'वर'. तिने 'बाय' खोडून 'टू' केलं आणि त्याच्या आधी किती रुपयांनी तेही स्वतःच लिहिलं, 'फेल बाय थर्टी, टू टेन'.