औद्योगिक रंग व लेप : आरोग्याचे धोके आणि सुरक्षित हाताळणी

पोलादी सांगाडे, टाक्या, जहाजे, यंत्रे व वाहने यांना गंज, रसायने आणि झीज यांपासून वाचवण्यासाठी हे रंग व लेप वापरतात. यातले बरेचसे लेप नुसते वाळत नाहीत, तर रेझिन (मूळ चिकट घटक) आणि हार्डनर (त्याला घट्ट करणारा घटक) यांच्या अभिक्रियेने घट्ट होतात. ज्या घटकांमुळे लेप टिकाऊ होतो, तेच त्वचा व श्वासमार्ग यांतील प्रथिनांशीही अभिक्रिया करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्ये रंगाऱ्याचे काम कर्करोगकारक ठरवले. ते आजही सर्वांत वरच्या, पहिल्या गटात आहे.

कामावर धोका वासावरून ओळखण्याची सवय असते, आणि तीच घात करते. टोल्यूइन, झायलीन यांसारख्या, रंग पातळ करणाऱ्या द्रावकांचा वास तीव्र असला तरी थोड्या वेळात नाक त्याला सरावते. वास येईनासा होतो, वाफ मात्र वाढतच असते. डोके जड होणे, चक्कर, जीभ अडखळणे ही लक्षणे दिसली की माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणावे. टोल्यूइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असल्याने टाकीच्या तळाशी साचते. तिचे प्रमाण हवेत १.१ टक्क्यावर, म्हणजे स्फोटाच्या किमान मर्यादेवर गेले की ठिणगी पुरते. म्हणून टाकीत रंगकाम करताना स्फोटरोधक पंख्याची शोषणनळी तळापर्यंत नेतात. आत जाण्यापूर्वी मापकाने ऑक्सिजन किमान १९.५ टक्के आणि ज्वालाग्राही वाफ स्फोटाच्या किमान मर्यादेच्या १० टक्क्यांखाली असल्याची खात्री करतात. बाहेर एक माणूस सतत उभा हवा. आत कोणी कोसळल्यास त्याने हवापुरवठ्याच्या साधनाशिवाय मागोमाग उतरू नये. असे दुसरे बळी अनेकदा जातात. फवारणी संपली तरी लेपातून वाफ निघतच राहते, त्यामुळे पंखा लगेच बंद करू नये.

दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगातील आयसोसायनेट हा सर्वांत फसवा घटक आहे. त्यातल्या एचडीआय (हेक्सामेथिलीन डायआयसोसायनेट) या प्रकारासाठी प्रचलित मर्यादा हवेच्या दर अब्ज भागांत फक्त ५ भाग इतकी आहे. एवढ्या प्रमाणात नाकाला काहीच कळत नाही. वास येईपर्यंत मर्यादा ओलांडलेली असते. एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प मात्रेनेही दम्याचा झटका येतो. छातीतली घरघर कित्येकदा काम संपल्यावर, रात्री सुरू होते, आणि त्यामुळे तिचा संबंध रंगाशी जोडला जात नाही. अशा कामगाराची त्या रंगापासून कायमची सुटका करणे हाच उपाय. फवारणीसाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा घालावा. कापडी मास्क वाफेला अडवत नाही. मुखवट्यातले कोळशाचे फिल्टर संपले, हे आयसोसायनेटच्या बाबतीत वासावरून समजत नाही. चेहऱ्याला चिकटून बसणारा मुखवटा दाढीवर नीट बसत नाही. बूथमधला (फवारणीच्या खोलीतला) रंगाचा धुरळा पूर्ण निघून जाईपर्यंत मुखवटा काढू नये. हार्डनरच्या डब्यात ओलावा गेला तर कार्बन डायऑक्साइड तयार होऊन डबा फुगतो. असा डबा घट्ट बंद करू नये.

इपॉक्सी या दोन घटकांच्या लेपाचा मार त्वचेवर. मनगट, बोटांच्या बेचक्या, पापण्या येथे खाज व पुरळ येते, आणि ही ॲलर्जी सहसा जात नाही. हात थिनरने धुणे हे तर सर्वांत वाईट: थिनर त्वचेवरचा तेलकट थर काढतो व रसायनाला आत वाट देतो. साबण किंवा त्वचेसाठीचा क्लीनर वापरावा. पातळ लेटेक्सचे हातमोजे द्रावकापुढे टिकत नाहीत. हातमोज्यांचा योग्य प्रकार रंगाच्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या आठव्या विभागात दिलेला असतो.

झिंक व स्ट्रॉन्शियम क्रोमेटच्या प्रायमरमध्ये षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप), तर जुन्या गंजरोधक रंगांत शिसे असते. धोका वाढतो तो जुना थर काढताना. कोरडे घासू नये, टॉर्चने जाळू नये. ओले करून खरवडावे किंवा शोषणयंत्र जोडलेले साधन वापरावे. पॉलियुरेथेन लावलेल्या भागावर वेल्डिंग करण्यापूर्वी जोडाभोवतीचा थर काढावा, कारण उष्णतेने त्यातून पुन्हा आयसोसायनेट सुटतात.

पॉलिएस्टर रेझिनचे पेरॉक्साइड हार्डनर आणि कोबाल्ट ॲक्सेलरेटर (अभिक्रियेचा वेग वाढवणारा घटक) थेट एकत्र केल्यास स्फोट होतो. आधी ॲक्सेलरेटर रेझिनमध्ये पूर्ण मिसळावे, मगच पेरॉक्साइड घालावे. जवसाचे तेल किंवा अल्किड रंग लागलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेटतो. त्या झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात. द्रावक ओतताना स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून दोन्ही डबे तारेने एकमेकांना व जमिनीला जोडावेत (अर्थिंग).

एअरलेस गनचा (हवेशिवाय, केवळ पंपाच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाचा) दाब २०० बारच्याही वर जातो. नोझल साफ करताना त्यापुढे बोट आले तर टाचणी टोचल्यासारखे बारीक छिद्र दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. पण रंग आत पसरून बोट गमवावे लागू शकते. म्हणून आधी पंप बंद करून दाब सोडावा आणि ट्रिगरला लॉक लावावे, मगच टोकाला हात लावावा. जखम झालीच तर पट्टी बांधून थांबू नये. हाताच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब जावे आणि सोबत रंगाचे माहितीपत्रक न्यावे.