द्राक्षाची काडी, झेरॉक्सचा कागद आणि पॉलिमर क्ले

एप्रिलमध्ये निफाड-पिंपळगावकडे द्राक्षबागांची खरड छाटणी सुरू झाली की बांधाबांधावर काड्यांचे ढीग लागतात. दोन वर्षांपूर्वी मामांच्या बागेतून मी अशाच काड्यांचा एक भारा घरी आणला, कारण त्या काड्यांचा बाक आणि वरची सुटणारी साल मला इतकी आवडते की त्यावर पॉलिमर क्लेची पानं आणि घड बसवून दारासाठी एक तोरण करायचंच असं डोक्यात होतं. काड्या ताज्या होत्या. क्लेच्या पट्ट्या गोल गुंडाळल्या, वर पानं लावली, ओटीजीत म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये भाजलं, तर बाहेर काढल्यावर पट्ट्यांवर फोड आलेले, आणि मे संपेपर्यंत त्या पट्ट्या काडीवर बांगडीसारख्या सैल फिरायला लागल्या. मग पुढच्या वर्षी वर्षभर वाळलेल्या काड्या घेतल्या, त्यावर तेच काम केलं, एकही फोड नाही, घट्ट बसलं, मी खूश. आणि जुलैत, चांगला आठवडाभर पाऊस झाल्यावर, त्याच पट्ट्या उभ्या तडकल्या. तीच काडी, तोच क्ले, एकदा सैल आणि एकदा तडा. हे का होतं ते शोधता शोधता मला जे समजलं ते इथे लिहितेय, कारण क्लेचं काम लाकूड-कागदाबरोबर करणारे आता आपल्याकडे बरेच झालेत आणि बहुतेकांचं अडतं ते नेमकं या सांध्यांवरच.

पहिली गोष्ट, क्ले म्हणतात म्हणून ती माती नाही. शाडूची माती म्हणजे खनिजाचे बारीक चपटे कण आणि मधे पाणी, वाळताना पाणी उडून जातं, कण जवळ येतात, मूर्ती थोडी आकसते, घाईत वाळवली तर भेगा पडतात. पॉलिमर क्लेत पाणी नसतंच. त्यात पीव्हीसीची पावडर असते, हो, आपल्या नळाच्या पाइपातलंच पीव्हीसी, आणि तिच्याबरोबर प्लास्टिसायझर नावाचं तेलासारखं द्रव, थोडी पांढरी भुकटी आणि रंग. उघडं ठेवलं तरी ते महिनोन्महिने मऊ राहतं ते म्हणूनच, उडून जाण्यासारखं त्यात फारसं काही नाही.

मग ते भाजल्यावर कडक कसं होतं? साबुदाण्याचं उदाहरण मला सगळ्यात पटतं. भिजवलेला साबुदाणा पाणी पिऊन बसलेला असतो पण प्रत्येक दाणा सुटा असतो, कढईत वाफ लागली की दाणे पारदर्शक होतात, फुगतात, आणि जास्त झालं तर एकमेकांत मिसळून गोळाच होतो. क्लेतही पीव्हीसीचे कण प्लास्टिसायझरमध्ये नुसते बसलेले असतात, ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्यावर ते कण ते द्रव पूर्ण आत घेतात, फुगतात, आणि शेजारच्या कणांमध्ये मिसळून एकसंध प्लास्टिक होतात. थंड झाल्यावर ती जोडणी पक्की. कमी भाजलेला तुकडा बाहेरून कडक वाटतो पण वाकवला की बिस्किटासारखा तुटतो, कारण आत कण सुटेच राहिलेले असतात. पातळ पट्टी भाजून, पूर्ण थंड करून वाकवून बघा, नीट भाजलेली पट्टी वाकते आणि परत येते. मी तरी प्रत्येक नव्या पाकिटाची अशी एक पट्टी आधी भाजते.

उष्णता वरच्या बाजूलाही धोक्याची आहे. फार तापवलं तर पीव्हीसीचं विघटन व्हायला लागतं आणि हायड्रोजन क्लोराईड बाहेर पडतो, डोळ्याला नाकाला झोंबणारा वायू. ओटीजीचं बटण १३० दाखवत असलं तरी कॉइलजवळ तापमान खूप वर जातं, म्हणून आत एक साधा ओव्हन थर्मामीटर ठेवा, ट्रे कॉइलपासून लांब ठेवा, खिडकी उघडी ठेवा, आणि मायक्रोवेव्हमध्ये हे काम अजिबात करू नका. पाकिटावर लिहिलेलं तापमान पाळा, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

या वस्तूचा इतिहास पण मजेशीर आहे. जर्मनीत बाहुल्यांसाठी नाव असलेल्या केथे क्रुझे यांची मुलगी फिफी हिने घरी या प्लास्टिकवर प्रयोग केले, त्याला फिफी मोझाईक म्हणायचे, आणि १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने तो घेतल्यावर त्याच दोन शब्दांतून फिमो हे या क्लेच्या ब्रँडचं नाव आलं. अमेरिकेतला स्कल्पी हा दुसरा ब्रँड तर आधी ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता वाहून नेण्यासाठी बनवत होते, ते जमलं नाही, कुणीतरी त्याचे आकार करून भाजून बघितले आणि धंदाच बदलला.

आता लाकडाकडे. लाकूड तोडून वाळवलं तरी ते हवेशी व्यवहार करायचं थांबत नाही. आपल्या जुन्या वाड्यांत राहिलेल्या कुणालाही हे शिकवायला नको, पावसाळ्यात दार फुगतं, लागत नाही, आणि फेब्रुवारीत त्याच दाराच्या फटीतून उजेड येतो. आकड्यांत सांगायचं तर हवेत आर्द्रता ३० टक्के असेल तेव्हा लाकडात साधारण ६ टक्के पाणी टिकतं, आणि ८०-८५ टक्के असेल तेव्हा १६ ते १८ टक्के. नाशिकचा मे आणि नाशिकचा जुलै म्हणजे जवळपास ही दोन टोकं. या फरकाने लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही पण रुंदीत हलतं, १० सेंटीमीटर रुंदीच्या फळीत सहज दोन मिलीमीटर. क्लेला पावसाचं काही सोयरसुतक नाही, तो आहे तेवढाच राहतो. म्हणजे तुम्ही फळीच्या आडवा एक लांब क्लेचा पट्टा चिकटवलात तर खालची जमीन दोन मिलीमीटर सरकते आणि वरचा पट्टा सरकत नाही, मग एकतर सांधा सुटतो नाहीतर पट्टा तडकतो.

माझ्या काड्यांचं कोडं इथे सुटलं. ताज्या काडीत जवळपास निम्मं वजन पाण्याचंच असतं. ओव्हनमध्ये त्या पाण्याची वाफ झाली, आणि पाण्याची वाफ म्हणजे आकार साधारण १७०० पट, तिला बाहेर पडायला जागा नाही म्हणून क्लेला फोड. मग काडी पुढचा महिना-दीड महिना सुकत गेली, बारीक झाली, पट्टी मोठीच राहिली. दुसऱ्या वर्षी उलटं, काडी उन्हाळ्यात अगदी कोरडी असताना मी तिच्याभोवती पट्टी आवळली, पावसात काडी जाड झाली आणि पट्टीला फुगायला वावच नव्हता. सुतार दाराच्या चौकटीत मधली फळी खाचेत सैल ठेवतात, चिकटवत नाहीत, ते याचसाठी, आणि हे मी लहानपणापासून बघत आलेय पण क्लेच्या वेळी ते आठवलं नाही.

त्यामुळे आता मी लाकडाला क्लेने पूर्ण वेढा घालत नाही. छोटे छोटे तुकडे लावायचे, लांब तुकडा असेल तर लाकडाच्या रेषांच्या दिशेने लावायचा, आणि वेढा घालायचाच असेल तर पट्टीची दोन टोकं जोडायची नाहीत, बारीक फट ठेवायची आणि ती पानाखाली झाकायची. लाकूड आधी एकटंच ११०-१२० अंशांना अर्धा-पाऊण तास तापवून घेते, पाणी बरंच जातं, चिकाचं लाकूड असेल तर चीक आधीच बाहेर येतो. वाकणार असेल तर तेही आधीच वाकतं. एमडीएफ आणि प्लाय मात्र मी ओव्हनमध्ये घालत नाही, त्यांच्यातला गोंद गरम झाला की फॉर्मल्डिहाइडचा उग्र वास येतो, तिथे क्ले वेगळा भाजून मग चिकटवणं बरं.

लाकडाला आग लागेल का, कागद जळेल का, हे मला क्लासमध्ये नेहमी विचारतात. कागद पेटायला साधारण २३० अंश लागतात, आपण १३० वर आहोत, त्यामुळे कॉइलला टेकत नसेल तर पेटत नाही, फार तर किंचित पिवळा पडतो.

चिकटण्याचं म्हणाल तर कच्चा क्ले कोऱ्या लाकडाला धरल्यासारखा वाटतो पण भाजल्यावर सुटतो, कारण दोघांत रासायनिक बंध काही होत नाही. लाकडाला आधी पांढऱ्या फेविकॉलचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. तो लाकडाच्या छिद्रांत शिरून बसतो आणि क्लेला त्या थरावर पकड चांगली मिळते. द्राक्षाच्या काडीत पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या चांगल्या मोठ्या असतात, कापलेल्या टोकाकडे बघितलं तर नुसत्या डोळ्यांनी छिद्रं दिसतात, त्यामुळे टोकाला तर फारच छान धरतं. भाजण्याआधी इन्स्टंट ग्लू वापरू नका, ओव्हनच्या उष्णतेत तो बंध कमजोर होतो, तो भाजून झाल्यावरचा गोंद आहे.

क्लेखाली अडकलेली हवाही लक्षात ठेवा. ३० अंशांची हवा १३० पर्यंत नेली की ती एक तृतीयांशाने वाढते, म्हणून डब्यावर क्ले चढवताना मधून बाहेरच्या दिशेने दाबत जायचं आणि फुगा दिसला तर सुईने टोचायचा.

कागदाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. कच्चा क्ले साध्या कागदावर ठेवला तर कागदावर तेलकट डाग उमटतो, तो प्लास्टिसायझर. फार मऊ, हाताला चिकटणारा क्ले असेल तर हेच मुद्दाम करतात, दोन कागदांत दाबून रात्रभर ठेवलं की कागद जादाचं द्रव पितो आणि क्ले घट्ट होतो. आणि झेरॉक्स! झेरॉक्सची काळी पूड म्हणजे शाई नव्हेच, ते रंग मिसळलेलं बारीक प्लास्टिक असतं, कागदावर उष्णतेने चिकटवलेलं. झेरॉक्स उलटी करून कच्च्या क्लेवर दाबून ठेवली की क्लेतलं प्लास्टिसायझर त्या पुडीला मऊ करतं आणि ती कागद सोडून क्लेला धरते. पंधरा-वीस मिनिटांनी कागद पाण्याने भिजवून हलकेच चोळून काढायचा, किंवा तसाच भाजून मग ओढायचा. येवल्याच्या पैठणीचा मोर मी असाच कॉलेज रोडवरच्या दुकानातून झेरॉक्स काढून पेंडंटवर उतरवते, फक्त चित्र उलटं येतं म्हणून अक्षरं असतील तर आधी मिरर करून घ्यायची. इंकजेट प्रिंटरची शाई वेगळी असते, तिला हे जमत नाही.

हेच प्लास्टिसायझर त्रासही देतं. थर्माकोलला आणि पॉलिस्टायरीनच्या कडक पारदर्शक डब्यांना ते मऊ करून टाकतं, पॉलिश केलेल्या टेबलावर कच्चा क्ले रात्रभर राहिला तर पॉलिश चिकट होतं. डब्याखाली त्रिकोणात ५ आकडा असेल तर चालतो, ६ असेल तर नको. भाजलेल्या कामावर नेलपॉलिश किंवा काही स्प्रे पेंट मारले की महिन्याभराने ते चिकट होतात तेही यामुळेच. आणि थर्माकोलचा गाभा घेऊन क्ले भाजायचा विचारही करू नका, तो १०० अंशांच्या आसपासच आकसून जातो. हलका गाभा हवा तर अ‍ॅल्युमिनियम फॉईलचा चुरगाळलेला गोळा घ्या, उष्णताही आतपर्यंत नेतो.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. क्ले या नावामुळे काही जण याची छोटी गणपतीची मूर्ती करतात, घरात ठेवायला करा, सुंदर होते, पण ती गोदावरीत किंवा बादलीतसुद्धा विसर्जन करू नका. शाडू पाण्यात विरघळतो, हे प्लास्टिक आहे, ते तसंच तळाशी राहील. विसर्जनाची मूर्ती शाडूचीच करावी.

यंदाच्या तोरणात मी पानं काडीला चिकटवलीच नाहीत. भांडी बाजारातून तांब्याची बारीक तार आणली, प्रत्येक पानाच्या देठात भाजण्याआधी तारेचा वळलेला आकडा घातला, वळलेला म्हणजे तो ओढून निघत नाही, आणि मग भाजलेली पानं काडीवर तारेचे सैल वेढे देऊन बांधली. घड मात्र काडीच्या कापलेल्या टोकांवर थेट लावलेत, फेविकॉलचा हात देऊन, सुपारीएवढे छोटे. जून आणि जुलै गेला. काडी फुगलीये हे तारेच्या वेढ्यांवरून कळतं, मेमध्ये ते बोटाने सरकत होते, आता सरकत नाहीत. पानं सगळी जागेवर आहेत.