दोन डेटाबेस एक करताना नेमकं काय अडतं?

दोन कंपन्या विलीन झाल्या की करारावर सह्या एका दिवसात होतात, पण त्यांचे डेटाबेस एक व्हायला वर्षं लागू शकतात. एका संगणकातली माहिती उचलून दुसऱ्यात टाकणं तसं सोपं आहे. डोकं खातं ते वेगळंच काम: दोन ठिकाणच्या दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे ठरवणं.

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये, म्हणजे माहिती टेबलांत मांडून ठेवण्याच्या पद्धतीत, टेबलातली प्रत्येक ओळ तिच्या 'की'वरून, म्हणजे बहुधा एखाद्या क्रमांकावरून ओळखली जाते. हा क्रमांक आपल्या घरापुरताच खरा. १०२४ क्रमांकाचा ग्राहक दोन्हीकडे असतो आणि ती दोन माणसं एकमेकांची कुणीही नसतात. मग जुळवणी करायची ती नाव, पत्ता, जन्मतारीख यांच्या आधाराने.

तारखेचंच बघा. ०४/०५/२०१९ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल? दिवस बाराच्या पुढचा असेल तर घोळ लगेच उघडा पडतो, बाकीच्या तारखा बिनबोभाट चुकीच्या बसतात. एक्सेल तारीख साठवतं ती दिवसांच्या क्रमांकाच्या रूपात. ही मोजणी विंडोजवर १९०० पासून, तर जुन्या मॅकवर १९०४ पासून व्हायची. नुसते क्रमांक इकडून तिकडे नेले की प्रत्येक तारीख १,४६२ दिवसांनी सरकते आणि तरीही अगदी खरी वाटते. त्यात जन्मतारीख माहीत नसताना रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून कुणी १ जानेवारी १९०० टाकून ठेवलेली असते. असे शेकडो ग्राहक प्रोग्रामला एकाच दिवशी जन्मलेले दिसतात!

नोंदी जुळवण्याच्या या कोड्याला पक्का गणिती पाया दिला कॅनडाच्या सरकारी सांख्यिकी खात्यातल्या इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन संटर यांनी, १९६९ मध्ये. जुळणाऱ्या प्रत्येक गोष्टीला वजन द्यायचं. दुर्मीळ आडनाव जुळलं तर ते मोठा पुरावा, सर्रास आढळणारं जुळलं तर किरकोळ. वजनांची बेरीज पुरेशी मोठी असेल तर नोंदी एकाच्या, फारच कमी असेल तर वेगळ्या आणि अधल्यामधल्या जोड्या माणसाने डोळ्यांनी तपासायच्या. मला या पद्धतीतला हा तिसरा गट सर्वांत मोलाचा वाटतो. खर्च वाचवायला कात्री लागते तीही नेमकी त्यालाच.

दोन्हीकडे दहा-दहा लाख नोंदी असतील तर जोड्या होतात एक लाख कोटी. सेकंदाला दहा लाख जोड्या तपासल्या तरी साडेअकरा दिवस जातात. म्हणून उदाहरणार्थ जन्मवर्ष सारखं असलेल्या नोंदीच एकमेकींशी ताडून बघतात. ज्याचं वर्षच चुकीचं लिहिलंय, त्याची गाठ स्वतःच्याच दुसऱ्या नोंदीशी कधी पडत नाही.

अशी जोडी सुटली तर ग्राहकाला एकच पत्र दोनदा जातं. दोन वेगळी माणसं एक झाली तर मात्र एकाचं कर्ज दुसऱ्याच्या नावावर दिसू लागतं आणि जुन्या नोंदी पुसून टाकल्या असतील तर ती गाठ सोडवणं जवळजवळ अशक्य होतं. त्यामुळे जाणती मंडळी मूळ नोंदींना हातच लावत नाहीत. कोणती नोंद कुणाशी, कशाच्या आधारावर आणि केव्हा जोडली याचं वेगळं टेबल ठेवतात. जोडणी चुकीची ठरली की त्यातली तेवढी ओळ काढली जाते आणि दोन्ही ग्राहक पुन्हा वेगळे होतात.